हिरव्या झिनियाचा शेंडा

"हिरवं फूल? मग पानानं काय करायचं?" आत्याबाई म्हणाल्या.

हेमानं कागदाचं पाकीट तळहातावर उलटं केलं. सात बिया पडल्या. चपट्या, करड्या, एका टोकाला निमुळत्या. बघून कुणी सांगितलं नसतं की यातून काही उगवेल.

"झिनिया आहे, आत्याबाई. लाल, गुलाबी, पिवळा आपण बघतोच. हा हिरवा. दादानं बेंगळुरूहून आणलाय."

"देवाला चालंल का असलं फूल?"

"बेलाचं पान चालतं की. मग हिरवं फूल का नाही?"

आत्याबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मी तिथंच निवडत बसले होते. माझ्या ताटातल्या तांदळात त्या दिवशी खडा राहिला आणि तो नेमका आमच्या ह्यांच्या दाताखाली आला. लग्नाला दहा वर्षं झाली होती माझ्या. दहा वर्षांत मी आत्याबाईंना दोनदा हसवलं होतं. त्यातलं एकदा मी न्हाणीत घसरून पडले होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या गडहिंग्लजकडं पुष्कळ घरांत सासूला आत्याच म्हणतात. मी थोरली सून. हेमा माझी धाकटी जाऊ, बेळगावची, शिकलेली, लग्नाला उणंपुरं वर्ष झालेलं. आत्याबाई तिला "हेमा" म्हणायच्या. मला "थोरले". ह्यांचं "अगं ए", दिरांचं "वहिनी", हेमाचं "अक्का". माझं खरं नाव रेशनकार्डावर होतं, ते कार्ड ट्रंकेत होतं, आणि ट्रंकेची किल्ली आत्याबाईंकडं.

एक गोष्ट मात्र त्या घरात माझी एकटीची होती. डेलिया.

मी नववीत शाळा सोडली, तेव्हा झाडांचं शिक्षण मला कोण देणार? पण आमच्या परड्याच्या भिंतीपलीकडं कोर्टाचं आवार होतं. तिथला माळी डेलियाचं काय काय करतो ते मी कपडे वाळत घालता घालता बघत राहायचे. वाळत घालायला मला तेव्हा दीड तास लागायचा. त्यावरून मी एवढं शिकले की एका झाडाला एकच फूल ठेवायचं. बगलेत येणारी प्रत्येक कळी बारीक असतानाच नखानं काढायची आणि सगळा जीव शेंड्याच्या कळीला द्यायचा. शेंड्याला हात लावायचा नाही. शेंडा गेला की झाड गेलं. माळी असं तोंडानं बोलला नव्हता, पण त्याच्या हाताकडं बघून मला तसं कळलं होतं.

या एका विद्येवर मी तीन वर्षं महिला मंडळाच्या पुष्पप्रदर्शनात पहिली आले होते. रथसप्तमीला, हळदीकुंकवाच्या शेवटच्या दिवशी, नगरवाचनालयाच्या हॉलमध्ये ते प्रदर्शन भरायचं. माझा डेलिया जेवायच्या ताटाएवढा असायचा. बायका त्याला हात लावून बघायच्या, खरा आहे का म्हणून. मंडळाचा नियम होता, एका घराची एकच कुंडी. पहिल्या वर्षी डॉक्टरीणबाई अकरा कुंड्या टेम्पोत घालून आल्या होत्या, तेव्हापासून.

तर हेमानं तेलाचा डबा अर्धा कापून घेतला, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, आणि सात बिया थेट त्यातच पेरल्या. झिनियाला उपटून दुसरीकडं लावलेलं सोसत नाही, असं तिच्या कागदावर लिहिलं होतं. पाणी मुळाशी घालायचं, पानांवर नाही, नाहीतर भुरी पडते. ती वाचून दाखवायची आणि आत्याबाई मान डोलवायच्या. मी दहा वर्षं पाणी मुळाशीच घालत होते. मला कुणी विचारलं नव्हतं.

पाचव्या दिवशी पाच बिया उगवल्या. दोन गोगलगायींनी खाल्ल्या. दोनांवर शेजारच्या बोक्यानं दुपारची झोप काढली. एक राहिलं. तेवढ्या एका रोपानं आमच्या घराची घडी बदलली.

आधी दुपारी आत्याबाई माझ्याजवळ सोप्यात बसायच्या. फार बोलणं नसायचं. मी निवडायची, त्या वाती वळायच्या. आता त्या पाट उचलून परड्यात जाऊन बसायला लागल्या, त्या डब्याजवळ. हेमा शेजारी. आणि काय बोलणं! निपाणीकडचं माहेर, तिथलं तंबाखूचं रान, हात कसे काळे चिकट व्हायचे, चिंच लावून घासल्याशिवाय भाकरी खाता यायची नाही. मी भांडी घासता घासता अर्धंमुर्धं ऐकायचे. दहा वर्षांत मला हे काही सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या परड्यात चांगलं ऊन एकाच जागी पडायचं, धुण्याच्या दगडाजवळ. तिथं माझे डेलिया. हेमानं डबा त्यांच्या रांगेत आणून ठेवला.

"इथं धुण्याचं पाणी उडंल गं," मी म्हणाले.

"मग कुठं ठेवू, अक्का?"

"ठेव की तिकडं, पेरूखाली."

"सावली आहे हो तिथं."

ती हटली नाही. मग मीच रोज सकाळी तो डबा पायानं वीतभर सरकवायची. चार दिवसांत तो निम्मा पेरूच्या सावलीत गेला. बारानंतर त्याच्यावर ऊन यायचं नाही. हेमाला ते कळलं नाही, की कळून ती गप्प बसली, मला तेव्हा ठरवता आलं नाही.

इथं आत्याबाईंबद्दल एक सांगायला पाहिजे. ही बाई खोटं बोलायची नाही. म्हणजे अजिबातच नाही. एकदा विम्याचा एजंट दारात आला. आमचे हे आतल्या खोलीत लपले आणि आईला खुणेनं सांगितलं, मी नाही म्हणून सांग. आत्याबाई दारात गेल्या आणि म्हणाल्या, "हाय घरात. पण तुला भेटायचं न्हाई म्हणतोय." पाहुण्यांनी लाडू कसा झालाय विचारलं तर त्या सांगायच्या, कसा झालाय ते. लोक त्यांना विचारायचे बंद झाले होते. पोटच्या पोरासाठी जी दारात उभं राहून एक शब्द फिरवत नाही, तिनं मला कधी "बरं केलंस" म्हटलं नाही, याचा अर्थ मी बरं केलं नव्हतं, असाच मी धरून चालले होते.

डिसेंबर संपत आला तेव्हा झिनिया गुडघ्याएवढा झाला होता. सरळ, एकच दांडा, आणि शेंड्याला वाटाण्याएवढं बोंड. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. हे आणि दीर दुकानातून येऊन जेवायला बसले होते. आत्याबाई चुलीशेजारी.

"या खेपेला मंडळात ते हिरवं जाऊ दे," त्या म्हणाल्या.

माझा हात थांबला.

"आणि डेलिया?" मी विचारलं.

"डेलिया लोक दरसाल बघत्यात. हे कुणी बघितलं न्हाई."

"एकच फूल येणार त्याला. तेपण एवढंसं."

"येऊ दे की. हिरवं हाय न्हवं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे कालवणाच्या वाटीत बघत होते. "आईचं बरोबर हाय," वाटीला सांगितलं त्यांनी.

"अक्का, तुम्हाला चालणार नसेल तर राहू दे," हेमा म्हणाली. "मी काय, असंच लावलं होतं."

तिनं हे चांगल्या मनानं म्हटलं होतं. आज मला ते दिसतं. त्या दिवशी मला वाटलं, हिनं तेवढीही जागा मला ठेवली नाही. मी "नाही" म्हणाले असते तर मी कोती. "हो" म्हणाले तर गेलं माझं वर्ष.

"मला काय करायचंय," मी म्हणाले. ती भाकरी करपली. ती मी माझ्याच ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी बंब पेटवायला परड्यात गेले. थंडी होती. काटक्या घातल्या, रॉकेलची चिंधी लावली. जाळ धरेपर्यंत उभी राहिले. समोर तो डबा. झिनिया अगदी ताठ, बोंड वर करून. मला वाटलं तो माझ्याकडंच बघतोय.

मी वाकले. बोंड, त्याखालची वरची दोन पानं, आणि मग अंगठ्याचं नख. एवढंसं 'टक्' झालं.

त्या वेळी हवेत भाजक्या मिसरीचा वास होता. पण तो वास आमच्या घरात सकाळी असायचाच. मी लक्ष दिलं नाही. बोंड बंबात टाकलं. ओलं होतं, थोडं चरचरलं. मग पाणी तापलं आणि सगळ्यांनी त्या पाण्यानं आंघोळी केल्या.

सात वाजता हेमाची हाक आली. "आत्याबाई! अहो आत्याबाई, इकडं या!"

आम्ही दोघी गेलो. बिनडोक्याचं झाड उभं होतं. हेमाच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

"गोगलगाय असंल," मी म्हणाले. "माजल्यात नुसत्या."

आत्याबाई वाकल्या. दांड्याचं तुटलेलं टोक दोन बोटांत धरून बघितलं. जसं त्या बाजारात भेंडी बघतात तसं. मग उठल्या. त्यांनी गोगलगाय आहे म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

"फेकून देऊ का, आत्याबाई?" हेमानं विचारलं.

"कशापाई? पाणी घाल." मग माझ्याकडं वळून, "थोरले, दळण घिऊन गिरणीला जा. पीठ संपलंय."

पीठ संपलं नव्हतं. डब्यात दोन दिवसांचं होतं. पण मी गेले. त्या घरापासून लांब जायला मला गिरणीच काय, संकेश्वरसुद्धा चाललं असतं. रांगेत उभी असताना मी अंगठ्याच्या नखाकडं बघत होते. हिरवा डाग गेला नव्हता. मी हात पिठात घातला.

परत आले तर हेमा रडत नव्हती. उलट तिनं चहा टाकला होता. आलं घालून. एरवी मी सगळ्यांचा चहा करायची आणि माझा गार झालेला प्यायची. आज तिनं कप आणून माझ्या हातात दिला.

"घ्या अक्का. दमला असाल."

आणि उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. जरा जास्तच वेळ. हिला कळलंय, हा टोमणा आहे, असं मला वाटलं. मग दिवसभर ती नेहमीसारखीच वागली, तेव्हा वाटलं, नाही कळलं. मग संध्याकाळी वाटलं, कळलंय. असं माझं पुढं बरेच दिवस चाललं.

दहाबारा दिवसांनी मी कपडे वाळत घालत होते. सहज खाली नजर गेली. झिनियाच्या दांड्यावर पानं जिथं फुटतात तिथं, प्रत्येक बगलेत, पोपटी टोकं आली होती. एक, दोन... सहा. मी ओला टॉवेल हातात धरून उभी राहिले. माझ्या डेलियाला अशी टोकं आली की मी ती तशीच खुडायची. माझ्या बोटांना ती सवयच होती. आत्ताही बोटं वळवळली.

पण आता ते सोपं राहिलं नव्हतं. आत्याबाईंनी मिसरी लावायची जागा बदलली होती. इतकी वर्षं त्या मागच्या दाराच्या पायरीवर अंधारात बसायच्या. आता पाट घेऊन सरळ डब्याशेजारी. उजाडायच्या आधीपासून.

"थंडी वाजंल की इथं," मी एकदा म्हणाले.

"वाजू दे," त्या मिसरीच्या तोंडानं म्हणाल्या.

संक्रांतीला हेमा माहेरी गेली, आठ दिवसांसाठी. जाताना मला काही बोलली नाही. बोलल्या त्या आत्याबाई.

"झिनियाला पाणी तू घालायचं."

"मी?"

"मग कोण? मला वाकवतंय होय?"

आठ दिवस ते झाड माझ्या एकटीच्या ताब्यात होतं. तांब्या माझ्या हातात. पानांवर चार दिवस पाणी ओतलं असतं तर पीठ शिंपडल्यासारखी भुरी पडली असती, कळ्या आवळून गेल्या असत्या, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी खाली बसले, पानं एका हातानं बाजूला केली आणि मुळाशी पाणी सोडलं. आत्याबाई बघत होत्या म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या ताप येऊन आत झोपल्या होत्या. मी तरी मुळाशीच घातलं. खालच्या एका पानावर पांढरा ठिपका दिसला, ते पान काढून लांब टाकलं. ज्या फांद्या बाहेर झुकत होत्या त्यांना तुरीच्या काटक्यांचा आधार दिला. याला मी काय म्हणू ते मला तेव्हा कळत नव्हतं. प्रेम तर नव्हतंच. त्या झाडाचा मला राग येत होता, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला चालला नसता.

फूल पहिल्यांदा मी बघितलं. खरं तर ते दोन दिवस आधीच उमललं होतं. हिरव्या कळीचं हिरवं फूल, कळणार कसं? मी पाणी घालायला बसले आणि ते माझ्या नाकासमोर होतं. पाकळीवर पाकळी, गोल, कच्च्या कैरीच्या आतल्या रंगाचं, मध्ये थोडं गडद. मी आत जाऊन आत्याबाईंना उठवलं. त्यांनी शाल गुंडाळली, बाहेर आल्या, बघितलं.

"आलं," त्या म्हणाल्या.

"आलं," मी म्हणाले.

आम्ही दोघी तिथं बराच वेळ बसलो. आधी दुपारी सोप्यात बसायचो तशा.

रथसप्तमीला झाडावर सहा फुलं होती. सगळी एका उंचीची, जशी कुणी मोजून लावलीत. हेमानं डब्याला गेरू लावला होता, पांढरे ठिपके काढले होते. दिरांनी सायकलच्या कॅरिअरवर बांधून हॉलमध्ये नेला. माझा डेलिया परड्यात एकटा फुलला होता, ताटाएवढा. त्याला बघायला बोका होता.

हॉलमध्ये आमच्या डब्याभोवती बायकांची ही गर्दी. "रंग दिलाय काय गं?" "शाई घातली असंल मुळात." डॉक्टरीणबाईंनी पाकळी चुरगाळून वास घेतला. मी आत्याबाईंशेजारी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझी जागा दरवर्षी पहिल्या रांगेत असायची.

परीक्षक म्हणून घोरपडे सर आले होते, कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले. वाकून वाकून सगळ्या कुंड्या बघत ते आमच्या डब्यापाशी आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग स्टेजवर गेले आणि माइकवर विचारलं, "हा झिनिया कुणाचा?"

हेमा उठून उभी राहिली.

"या वर या. किती रोपं होती तुमच्याकडं?"

"एकच, सर."

"एकच! आणि त्याचा शेंडा खुडला?" सर बायकांकडं वळले. "बघा, भगिनींनो. सगळे सांगतात, झिनिया गुडघ्याएवढा झाला की शेंडा खुडा, म्हणजे फुटवे येतील. पण एकच रोप असलं, त्याला पहिलं बोंड दिसायला लागलं, की कुणाचा हात होतो? आमच्या विद्यार्थ्यांचा होत नसे. त्याला धीर लागतो. आणि सावलीत कुठं ठेवला होता?"

"पेरूखाली. अर्धा दिवस."

"वा! कडक उन्हात हा रंग फिका पडतो. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

माझ्या पायाखालची सतरंजी मी अंगठ्यानं गोळा करत होते.

"मी काही केलं नाही, सर," हेमा म्हणाली. माइक तिच्या तोंडाच्या फार जवळ होता, सगळ्या हॉलभर ते घुमलं. "मी फक्त बी लावलं. डबा अक्कांनी सावलीत सरकवला. शेंडापण अक्कांनी खुडला."

"अक्का म्हणजे?"

"माझ्या थोरल्या जाऊबाई."

"मग प्रमाणपत्रावर त्यांचं नाव पाहिजे. नाव काय?"

हेमानं माझ्याकडं बघितलं. मला दिसलं, तिला माहीतच नव्हतं. वर्षभर एका घरात, आणि माझं नाव तिच्या कानावर पडायची वेळच आली नव्हती. मंडळाच्या बायकासुद्धा मला मगदूमवहिनीच म्हणायच्या, आणि आधीच्या तिन्ही प्रमाणपत्रांवर नुसतं 'सौ. मगदूम' होतं. कोण तरी मागं हसलं.

"शेवंता!"

माझ्या कानाशीच आवाज आला. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांना गुडघ्यांनी उठवत नव्हतं, तरी उभ्या होत्या.

"शेवंता बाळासाहेब मगदूम. नीट ल्हिवा. शे-वं-ता."

मी उठले की मला कुणी उठवलं ते आठवत नाही. स्टेजवर पितळेचा करंडा हातात दिला. टाळ्या झाल्या. हेमा माझ्याशेजारी उभी राहून जोरात वाजवत होती. मला वाटलं, आत्ता माइक घ्यावा आणि सांगावं सगळं. पण आत्याबाई अजून उभ्याच होत्या. त्या बसल्याशिवाय मला तोंड उघडता येईना, आणि मी खाली उतरल्याशिवाय त्या बसल्या नाहीत.

परत येताना हेमा आणि दीर सायकल ढकलत पुढं गेले. आत्याबाईंचा वेग कमी, म्हणून मी त्यांच्याबरोबर. चावडीपर्यंत आलो. मग त्या म्हणाल्या,

"नख वाकडं लागलं की देठ पिचतंय. मग फुटवा येत न्हाई, कुजतंय. तुझं सरळ लागलं."

मला ठेच लागली.

"आमी पोरी होतो तवा दिवसभर तेच काम. तंबाखूचा शेंडा खुडायचा. खुडला की बगलंतनं फुटवे यायचे. ते काढता काढता कंबर मोडायची." त्या जरा थांबल्या, दम घेतला. "पुढच्या खेपेला मला इचारून खुड, थोरले."

तेव्हा मला तो मिसरीचा वास आठवला. मागच्या दाराची पायरी बंबापासून दहा पावलांवर होती.

मी रडले नाही. रस्ता होता, ओळखीच्या बायका जात होत्या. करंडा पदराखाली घेतला आणि त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. घर येईपर्यंत.

याला आता चोवीस वर्षं झाली. डेलिया मी पुढंही लावले, पण एका झाडाला एकच फूल हा हट्ट सुटला. आत्याबाई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी मला नंतरही थोरलेच म्हटलं. हेमा पुण्याला असते. दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी येते आणि आम्ही दोघी सोप्यात बसून झिनियाची वाळकी बोंडं सोलतो. अजून ते बी आम्ही राखलंय. आसपासच्या गुलाबी झिनियावरून माश्या येतात आणि मग काही झाडांची फुलं मळकट तांबूस निघतात. ती झाडं दिसली की मी उपटते. म्हणून बी थोडंच मिळतं. पोकळ बाजूला काढायचं, भरलेलं सुपात.

यंदा ती आली तेव्हा मी ठरवूनच बसले होते. बावन्न वर्षांची झाले, आता कधी सांगणार?

"हेमा, त्या पहिल्या झाडाचा शेंडा मी चांगल्यासाठी खुडला नव्हता."

"अक्का, सूप तिरकं धरलंय तुम्ही. सांडेल."

"ऐक तर. मी मुद्दाम..."

"माहीत आहे हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून." ती बोंडं कुस्करत राहिली. "तुम्ही गिरणीला गेलात ना, तेव्हा आत्याबाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, थोरलीला मीच सांगितलं होतं शेंडा खुडायला. तंबाखूचा खुडतात तसा. आता फुटवे येतील बघ. तिला इचारू नकोस, तिला मिरवायला आवडत न्हाई."

मी सूप खाली ठेवलं.

"मला त्यांनी काही सांगितलं नव्हतं, हेमा."

"ते तुम्ही दळण घेऊन दारात आलात तेव्हाच कळलं मला. तुमचं तोंड बघून. कोपरापर्यंत पीठ लावून आला होतात."

"आणि तरी स्टेजवर शेंडा अक्कांनी खुडला म्हणून सांगितलंस?"

"मग काय सांगू? आत्याबाई तिसऱ्या रांगेत बसलेल्या. त्यांना खोटं पाडू?"

"राग आला असंल माझा."

"झाडाचा नाही आला." तिचे हात थांबले. तिनं बोटांना लागलेली भुकटी झटकली. आता तिचेही केस पांढरे झालेत, रंग लावत नाही. "तो विमावाला आठवतो? मी त्या दिवशी घरातच होते. स्वतःच्या मुलासाठी एवढंसं खोटं बोलली नाही ती बाई. आणि तुमच्यासाठी माझ्या डोळ्यात बघून बोलली. एकदासुद्धा पापणी लवली नाही हो. मी माहेरी जाऊन आठ दिवस तेच डोक्यात घेऊन होते. मला सगळं द्यायच्या त्या. गोष्टी सांगायच्या, हसायच्या. पण माझ्यासाठी नसत्या बोलल्या खोटं."

मी सुपातल्या बिया उगाच बोटानं सारख्या केल्या.

"नसत्या बोलल्या, अक्का," ती परत म्हणाली, आणि भरलेल्या बियांचं सूप तिनं माझ्यापुढून आपल्याकडं ओढून घेतलं.